‘अनोळखी लिंक उघडली नाही की ब्राउझर सुरक्षित’ हे खरं नाही

‘अनोळखी लिंक उघडू नका, पत्त्याशेजारी कुलूप आहे का बघा, अँटीव्हायरस ठेवा, मग ब्राउझर अपडेट केला नाही तरी चालतं,’ असा सल्ला सगळीकडे फिरतोय. तिन्ही सवयी चांगल्याच आहेत. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

‘क्लिकच केलं नाही, तर काय होणार?’ सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२३-४८६३ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक) लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये होती. वेबपी या फॉरमॅटमधली चित्रं ब्राउझरमध्ये हीच लायब्ररी उलगडते. लॉसलेस (तपशील न गमावता दाबलेल्या) वेबपीतल्या हफमन तक्त्यांना, म्हणजे दाबलेला डेटा पुन्हा उलगडायच्या तक्त्यांना, जास्तीत जास्त किती मेमरी लागेल, हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. पण चित्रातले हफमन कोड नियमात बसणारे असतील असं धरून. मुद्दाम बिघडवलेल्या चित्रात तक्ता त्याहून मोठा व्हायचा आणि सी भाषेतला कोड राखीव जागा ओलांडून पुढच्या मेमरीत लिहायचा. चित्र पानावर येणं एवढंच त्याला पुरे होतं. ११ सप्टेंबरला क्रोम ११६.०.५८४५.१८७ मध्ये दुरुस्ती आली, तेव्हा त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झालेला होता.

‘कुलूप आहे ना!’ कुलूप फक्त वाटेतली चोरी रोखतं. घातक चित्रही एचटीटीपीएसवरून, म्हणजे कुलूपवाल्या जोडणीवरून येऊ शकतं. इनकॉग्निटोतही चित्र उलगडणारा कोड तोच.

‘अँटीव्हायरस पकडेल.’ त्याचा भर फाइली तपासण्यावर. हा हल्ला मात्र चालू प्रोसेसच्या मेमरीत होतो, डिस्कवर काही उतरण्याआधी.

‘सँडबॉक्स आहे की.’ सँडबॉक्स म्हणजे वेबपानाचा कोड बाकीच्या संगणकापासून वेगळा कोंडून ठेवणारी ब्राउझरची व्यवस्था. या आक्षेपात दम आहे. सँडबॉक्समुळे हल्लेखोराला एका त्रुटीवर भागवता येत नाही. म्हणून तो दोन जोडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या अ‍ॅनिमेशन टाइमलाइनमधली त्रुटी (सीव्हीई-२०२४-९६८०) अशीच वापरली गेली. मोकळी केलेली मेमरी ब्राउझर पुन्हा वापरायचा. मधल्या वेळात तिथे हल्लेखोर आपला डेटा भरू शकत होता. सँडबॉक्सबाहेर पडायला विंडोजमधली दुसरी त्रुटी होती. फायरफॉक्स १३१.०.२ घेतलेल्यांच्या बाबतीत पहिली कडीच तुटली.

‘अपडेट आपोआप होतं.’ उतरतं आपोआप, पण ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच कोड चालतो. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे. क्रोममध्ये तीन ठिपके, मग हेल्प, मग ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडा. ‘रीलाँच’ दिसलं तर लगेच दाबा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून क्रोमसोबत ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ही अपडेट करा, कारण इतर अनेक अ‍ॅप आतली वेबपानं त्यातूनच दाखवतात. स्लॅक, डिस्कॉर्डसारखी इलेक्ट्रॉन या सॉफ्टवेअर-चौकटीवर बांधलेली डेस्कटॉप अ‍ॅप क्रोमियमची (क्रोमचा पाया असलेल्या ब्राउझरची) स्वतःची प्रत बाळगतात. क्रोम ताजा केल्याने ती दुरुस्त होत नाहीत, प्रत्येक वेगळं अपडेट करावं लागतं.