तुमच्या कमेंटला उत्तर: हो, मासा म्हणजे फाटकी गोणीच आहे

नमस्कार साहेब, कमेंट वाचली, राग वगैरे काही नाही, उलट एका ठिकाणी तुमचंच बरोबर आहे तर ते आधी सांगून टाकतो. नॉर्वेच्या नद्यांमधले ट्राउट मासे आम्लधर्मी पाण्यात अंगातलं मीठ गळून मरतात, असं मागच्या लेखात लिहिताना मी सगळं बिल ॲसिड पावसावर फाडलं आणि ॲल्युमिनियमचं नावच घेतलं नाही. चूक माझी. पाणी आम्लधर्मी झालं की जमिनीतलं ॲल्युमिनियम विरघळून नदीत उतरतं, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास ते कल्ल्यांवर जाऊन बसतं, मग कल्ले बुळबुळीत होतात, मासा गुदमरतो पण आणि क्षार पण घालवतो. मूळ लेखात आजच टाकतो.

पण "मीठ गळतं म्हणजे काय, मासा काय फाटकी गोणी आहे का? आम्लाने कल्ले जळतात, सिंपल. आणि माझे कार्डिनल टेट्रा साडेपाच पीएचला दोन वर्षं मजेत आहेत" हे जे लिहिलंय ना (कार्डिनल म्हणजे टँकमध्ये पाळतात तो छोटा रंगीत मासा), त्यावर थोडं भांडतो.

फाटकी गोणीच आहे हो! गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण 150 मिलिमोल सोडियम असतं, बाहेर नदीत बहुतेक वेळा 1 सुद्धा नसतं, आणि मधे पडदा कसला तर कल्ल्याचा, तो ऑक्सिजन आत यावा म्हणून इतका पातळ की क्षार बाहेर झिरपणारच आणि पाणी आत घुसणारच, चोवीस तास. म्हणून हे मासे पाणी जवळपास पीतच नाहीत, पातळ लघवी मात्र सतत, आणि कल्ल्यातल्या खास पेशी बाहेरच्या पाण्यातून सोडियम आणि क्लोराइड कणाकणाने आत ओढत बसतात. ऑगस्ट क्रोघ या डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात गोल्डफिश वगैरेंवर हे दाखवून दिलं.

आता पीएच 7 चा 4 झाला म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन 1000 पट. सोडियम आत घ्यायचं तर बदल्यात हायड्रोजन बाहेर ढकलावा लागतो, आणि बाहेर आधीच त्याची तुडुंब गर्दी, त्यामुळे ट्राउटसारख्या माशात आवक जवळजवळ बंदच होते. वरून दुसरा घाव. पेशी-पेशींमधले सांधे घट्ट ठेवायचं काम कॅल्शियम करतं, हायड्रोजन त्यालाच हुसकावून लावतो, सांधे सैल होतात आणि गळती वाढते. रक्तातले क्षार उतरले की रक्तातलं पाणी स्नायूंमध्ये शिरतं, रक्त घट्ट होतं आणि हृदयाला ते ढकलवेनासं होतं. जळण्याचा यात संबंधच नाही, त्याला पीएच अजून बराच खाली जावा लागतो.

हे मी स्वतःच्या मूर्खपणाने पाहिलंय. टँकमध्ये नुसतं आरओचं पाणी, एक मोठं लाकूड (ते पाणी आम्लधर्मी करतं), कॅल्शियमचा कण नाही, आणि त्यात नऊ गप्पी, म्हणजे रंगीत शेपटीचे छोटे मासे, सोडले. रात्री कल्ले भराभर हलत होते, मला वाटलं नवीन जागा आहे, होतील सेट. सकाळी सात गेलेले, अंगावर ओरखडा नाही, शेपट्या जशाच्या तशा रंगीत, आणि पीएच मीटरवर 4.3.

आणि कार्डिनलचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तो रिओ निग्रोचा, म्हणजे ॲमेझॉनच्या एका उपनदीचा मासा, तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, क्षार म्हणाल तर पावसाच्या पाण्याइतकेच, आणि पीएच 5 च्या खाली जाणं तिथे रोजचंच. त्याचा भाऊबंद निऑन टेट्रा, त्याच्यावर प्रयोग झालेत, सोडियम ओढायची त्याची यंत्रणा पीएच साडेतीनलाही चालू राहते आणि कॅल्शियम कमी असलं तरी सांधे फारसे सुटत नाहीत. म्हणजे गोणी त्याचीही फाटकीच, फक्त शिवण पक्की आणि भरणारा हात जोरात. जपानच्या ओसोरेझानच्या ज्वालामुखी सरोवरात तर उगुई नावाचा मासा साडेतीनच्या आसपास राहतो, पण अंडी घालायला मात्र साध्या पाण्याच्या ओढ्यात जातो, लबाड.

कमेंटच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की आता त्याच टँकमध्ये गप्पी सोडणार. नका सोडू. त्यांना कॅल्शियमवालं जड पाणी लागतं, वेगळा टँक करा, आणि तो लावायच्या आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) बघून खूश होऊ नका, केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट क्षार) मोजा, माझा तेव्हा शून्य होता.