रोबोच्या प्रोग्रामला लेखक असतो

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार एकच: ‘डिजिटल ट्विन आणि एआय आल्यामुळे कारखान्यातले रोबो स्वतःचा प्रोग्राम स्वतः लिहितात आणि स्वतःच सुधारतात. कॉम्प्युटरवर जे चाललं ते शॉपफ्लोअरवर जसंच्या तसं चालतं. प्रोग्रामरची गरज संपली. आणि लिहिणारा माणूसच उरला नाही, तर प्रोग्रामचं, पेटंटचं, शोधनिबंधाचं श्रेय माणसाला कशाला? मशीनला द्या.’

यातला पहिला भाग अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच हा मजकूर लोकांना पटतो. पण त्या थोड्याशा तथ्यावर बाकीचा डोलारा उभा केला आहे. एकेक दावा सुटा करून पाहू.

‘कॉम्प्युटरवर चाललं की शॉपफ्लोअरवर चालतं’

रोबोचा प्रोग्राम ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवर लिहिण्याची पद्धत काही दशकं जुनी आहे आणि ती उत्तम आहे. लाइन बंद न ठेवता वाट आखता येते, रोबोचा हात कुठे धडकेल ते आधी दिसतं. डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या यंत्रणेची कॉम्प्युटरमधली जोडप्रत, ही त्याच्या पुढची पायरी. तिची मूळ मांडणी मायकेल ग्रीव्हज यांनी २००२ साली केली, पुढे नासातल्या वापरामुळे हे नाव रुळलं आणि २०२१ मध्ये उत्पादनक्षेत्रासाठी आयएसओ २३२४७ हे मानकही आलं. मात्र पडद्यावर फिरणारं सुंदर थ्रीडी मॉडेल म्हणजे ट्विन नव्हे. खऱ्या सेलमधून (रोबो आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा मिळून होणाऱ्या कामाच्या जागेतून) मापं सतत येत असतील आणि त्यानुसार मॉडेल बदलत असेल, तरच त्याला ट्विन म्हणता येतं. विक्रीच्या सादरीकरणात हा फरक हमखास गाळला जातो.

आता आकड्यांकडे वळू. मध्यम आकाराच्या सहा अक्षांच्या रोबोच्या माहितीपत्रकात ±०.०५ मिलिमीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. तो वाचून लोकांना वाटतं, रोबो इतका अचूक आहे. तो आकडा रिपीटॅबिलिटीचा आहे: एकदा शिकवलेल्या जागी रोबो पुन्हा पुन्हा किती नेमका येतो त्याचा. ऑफलाइन प्रोग्राम मात्र जागा शिकवत नाही, गणिताने काढलेले कोऑर्डिनेट देतो. तिथे निरपेक्ष अचूकता, म्हणजे दिलेल्या कोऑर्डिनेटवर नेमकं पोचणं, लागते, आणि कॅलिब्रेट न केलेला (मोजून मॉडेलशी जुळवून न घेतलेला) रोबो त्यात एखाद्या मिलिमीटरने, कधी त्याहूनही जास्त चुकू शकतो. दोन्ही गोष्टी कशा मोजायच्या हे आयएसओ ९२८३ मध्ये वेगवेगळं दिलेलं आहे. कारणंही माहीत आहेत: भुजांची लांबी मॉडेलपेक्षा किंचित वेगळी असते, सांध्याचा शून्य थोडा सरकलेला असतो, गिअरबॉक्स भाराखाली लवतो, तासाभरात मोटर तापतात. लेझर ट्रॅकर या मापनयंत्राने मोजून ही तफावत बरीच कमी करता येते. पण ते मोजमाप कोणीतरी करावं लागतं, आणि दुरुस्ती, मोटरबदल किंवा धडक झाल्यावर पुन्हा करावं लागतं.

आर्क वेल्डिंगचा सेल घ्या. सॉफ्टवेअरमध्ये टॉर्चची वाट आखली, प्रोग्राम कंट्रोलरमध्ये उतरवला आणि पहिल्याच फेरीत वायरचं टोक सांध्यापासून दीड मिलिमीटर बाजूला. मॉडेलमध्ये चूक शोधत बसलात तर काही सापडत नाही. फिक्स्चरची, म्हणजे पत्रा जागी धरणाऱ्या साच्याची, पिन झिजलेली असते, क्लॅम्प बसल्यावर पत्रा जरा उचललेला असतो, किंवा आदल्या पाळीत टॉर्च कुठेतरी घासून टीसीपी (हत्याराच्या टोकाचा संदर्भबिंदू) हललेला असतो. मग माणूस पेंडंट, म्हणजे रोबो चालवण्याचा हातातला पॅनेल, घेऊन आत जातो. टी-वन मोड लावतो, ज्यात रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. मागचा एनेबल स्विच अर्धा दाबून धरतो. तो सुटला, किंवा घाबरून पूर्ण आवळला गेला, तरी रोबो जागच्या जागी थांबतो. वाकून वायरचं टोक आणि सांधा यांतलं अंतर बघत तो एकेक पॉइंट टच-अप करतो, म्हणजे किंचित सरकवून नीट करतो, आणि सेव्ह करतो. त्या क्षणी कंट्रोलरमधला प्रोग्राम आणि कॉम्प्युटरमधला प्रोग्राम वेगळे झालेले असतात. हा बदल परत मॉडेलमध्ये गेला नाही, तर ट्विन खोटं बोलू लागतो.

सीम ट्रॅकिंग (सेन्सरने सांध्याचा माग काढणं) आणि व्हिजन (कॅमेऱ्याने बघणं) यांमुळे अशा टच-अपची संख्या घटते, हे खरं आहे. पण सेन्सरने वाट किती सरकवली तर चालेल आणि किती सरकल्यावर वेल्डिंग थांबवायचं, ही मर्यादा सेन्सरला कोणीतरी माणूसच सांगतो.

‘रोबो स्वतःच लिहितो आणि सुधारतो’

पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला. त्याच्या हालचाली चुंबकीय ड्रमवर साठवलेल्या असत आणि त्या आधी माणसाने त्याला दाखवून दिलेल्या असत. आजची भाषिक मॉडेल्स साध्या कामाच्या प्रोग्रामचा मसुदा देतात, सिम्युलेशनमध्ये लाखो प्रयत्न करून रोबो वस्तू पकडायला शिकतो, आणि या दोन्ही गोष्टी खरोखर मोठ्या आहेत. तरी प्रोग्राम म्हणजे नुसत्या हालचालींची यादी नसते. त्यात कोणीतरी घेतलेले निर्णय असतात, आणि बरेचसे निर्णय ओळीत दिसतात पण त्यांची कारणं दिसत नाहीत.

याचं एक नेहमीचं उदाहरण बघा. व्हॅक्यूम कपांनी पत्रा उचलणारा रोबो आहे. प्रोग्राममध्ये व्हॉल्व्ह सुरू, मग ०.८ सेकंद थांबा, मग उचला. पकड बसल्याचा व्हॅक्यूम स्विचचा सिग्नल मात्र ०.३ सेकंदातच येतो. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हा अर्ध्या सेकंदाचा जादा थांबा लगेच खटकतो. सायकल २० सेकंदांची असेल तर ही थेट २.५ टक्के बचत! ते हा जादा थांबा काढून टाकतं, ट्विनमध्ये सगळं सुरळीत चालतं. शॉपफ्लोअरवर मात्र पत्र्यावर कधी तेल जास्त असतं आणि एक कप हळू पकड घेतो. त्या लाइनवर काम करणाऱ्याने पत्रा पडताना पाहिला होता, म्हणूनच त्याने ०.३ चे ०.८ केले होते. त्याने कारण लिहून ठेवलं नाही, किंवा त्याला लिहायला जागाच दिली नव्हती. तेल मॉडेलमध्ये नसल्याने सॉफ्टवेअरला ते दिसणं शक्य नव्हतं.

सॉफ्टवेअरने प्रोग्राम ‘सुधारला’ खरा, पण सुधारणा म्हणजे काय हे त्याला कोणीतरी आधी सांगितलं होतं: सायकल टाइम कमी कर. हे उद्दिष्ट ठरवणारा माणूस आहे. ते मान्य करून प्रोग्राम लाइनवर चढवणाराही माणूस आहे. पत्रा पडून कोणाला लागलं, तर चौकशीत प्रश्न याच दोघांना विचारला जाणार आहे.

‘प्रोग्रामरची गरज संपली’

इथे फार वेळ घालवायला नको. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबो बसवले गेले आणि कामावर असलेल्या रोबोंची संख्या ४२ लाखांच्या वर गेली. ग्रिपर, फिक्स्चर, सुरक्षा कुंपण, पीएलसीशी (लाइन चालवणाऱ्या नियंत्रकाशी) जोडणी हे सगळं जुळवून घेतल्याशिवाय त्यांतला कुठलाही रोबो कामाला लागत नाही. टेस्लाने मॉडेल ३ या कारच्या वेळी अतिरेकी ऑटोमेशनचा प्रयोग केला आणि एप्रिल २०१८ मध्ये खुद्द इलॉन मस्क यांनी ती चूक होती, माणसांना कमी लेखलं जातं, असं जाहीर लिहिलं. कामाचं स्वरूप बदलतं आहे, पेंडंटवरचे तास कमी होऊन मोजमाप आणि डेटाचे तास वाढत आहेत. ज्यांना हे नवं काम शिकवलं जात नाही त्यांच्या नोकऱ्या धोक्यात आहेत, ही चिंता खरी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. फिरणारा मजकूर मात्र त्या चिंतेवर बोलत नाही, नुसती भीती घालतो.

‘श्रेय मशीनला द्या’

या दाव्याला आधार म्हणून बहुतेक वेळा डाबस प्रकरण पुढे केलं जातं. स्टीफन थेलर यांनी डाबस या आपल्या एआय प्रणालीला संशोधक दाखवून अनेक देशांत पेटंट मागितलं. दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये ते दिलं, आणि मजकुरात एवढंच सांगितलं जातं. तिथे पेटंट अर्जाची सखोल तपासणी होतच नाही, हे सांगितलं जात नाही. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये संशोधक माणूसच असावा लागतो असा निकाल दिला. ऑस्ट्रेलियात आधी बाजूने लागलेला निकाल २०२२ मध्ये पूर्णपीठाने फिरवला. थेलर यांच्याच दुसऱ्या एका प्रणालीने तयार केलेल्या चित्राच्या कॉपीराइटबाबत अमेरिकी अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच म्हटलं: लेखक माणूस हवा.

शोधनिबंधांचे नियम याहूनही स्पष्ट आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी ठेवल्या आहेत आणि इतर अनेक क्षेत्रं त्यांचा आधार घेतात. भरीव योगदान, लेखन किंवा चिकित्सक फेरतपासणी, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या सचोटीबद्दल उत्तर देण्याची तयारी. प्रकाशन नीतिमत्तेवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की एआय साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. साधन वापरा, कसं वापरलं ते लिहा, पण उत्तर तुम्हीच द्यायचं.

मला इथे खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. मशीनच्या नावासाठी इतका गलबला चालतो, आणि ज्या तंत्रज्ञाने सेल कॅलिब्रेट केला, ट्रॅकर लावून मापं घेतली, सदोष डेटा ओळखून बाजूला काढला, त्याचं नाव आभाराच्या ओळीतही अनेकदा नसतं. संशोधनात कोणी काय केलं हे नोंदवण्यासाठीच्या क्रेडिट (CRediT) या वर्गीकरणात योगदानाच्या १४ भूमिका आहेत. सॉफ्टवेअर, डेटाची निगा, पडताळणी, प्रयोग करणं हे सगळं त्यात स्वतंत्रपणे मोजलं जातं. रोबोटिक्सच्या निबंधात ते मनापासून भरलं, तर लेखकांची यादी बरीच बदलेल.

यावर कोणी म्हणेल, ‘पण कोणी लिहिलं हे कळणारच नाही.’ शैलीवरून लेखक ओळखण्याचं शास्त्र आहे. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी, लेखकाबद्दल वाद असलेले १२ निबंध जेम्स मॅडिसनचे असल्याचं साध्यासुध्या शब्दांच्या वारंवारतेवरून दाखवलं. २०१५ मधल्या एका अभ्यासात १,६०० प्रोग्रामरांच्या कोडमधून लेखक ९४ टक्के अचूकतेने ओळखता आला. पण रोबोचे प्रोग्राम छोटे असतात, कंपनीच्या साच्यातले किंवा सॉफ्टवेअरने काढलेले असतात. त्यांत शैली उमटायला फार जागा नसते. आणि एआयचं लिखाण पकडणारी साधनं तर फारच कच्ची आहेत. ओपनएआयने स्वतःचं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं, ते एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडत होतं आणि ९ टक्के वेळा माणसाचं लिखाण मशीनचं ठरवत होतं. जुलैमध्ये ते मागे घेतलं.

म्हणून लेखकत्वाचा पुरावा नोंदीत ठेवावा लागतो, आणि डिजिटल तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो. कंट्रोलरचा बॅकअप रोज आपोआप निघावा, कालच्याशी ताडून बघितला जावा. कोणता पॉइंट कोणी, कधी, किती सरकवला आणि का, याची ओळ बदलाबरोबरच लिहावी लागेल अशी व्यवस्था असावी. सॉफ्टवेअरने सुचवलेला बदल असेल तर तसं लिहावं, आणि खाली तो मान्य करणाऱ्याचं नाव यावं. सायकल टाइम इतका घटला असा निबंध छापून आल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेने कॅलिब्रेशनची फाइल मागितली, तर ती पाठवणारा आणि तिच्यातली चूक निघाल्यास दुरुस्ती छापून आणणारा माणूस याच नोंदीतून सापडतो.