आंबट म्हणून परत पाठवलेली बाटली

आज दुपारी ब्रुसेल्समधील एका जुन्या कॅफेत शेजारच्या टेबलावरून मराठी कानावर आली आणि क्षणभर फार बरे वाटले. ते बरे वाटणे काही टिकले नाही. त्या मंडळींनी ग्यूझ या इथल्या आंबट बिअरची बाटली मागवली होती. पहिल्याच घोटाला एकाने तोंड वाकडे केले, दुसऱ्याने ‘ही नासलेली आहे’ असा निकाल दिला, आणि बाटली परत पाठवताना तिसऱ्याने वेटरला फर्मावले की आता तुमच्याकडे जी सर्वांत कडक असेल ती आणा. वेटरने चकार शब्द न काढता बाटली उचलली. तिथे मीही गप्पच बसलो, पण घरी आल्यावर राग काही उतरेना.

मला त्या क्षणी माझे सासरे आठवले. ते माळकरी आहेत, आणि तरीही त्यांची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत झाली. उसाच्या मळीपासून आयुष्यभर स्पिरिट गाळले आणि थेंबही चाखला नाही. ते इकडे आले तेव्हा त्यांना कुठे न्यावे हा प्रश्नच होता. चॉकलेटची दुकाने पाहून ते कंटाळले, म्हणून भीतभीतच मी त्यांना ब्रुसेल्सच्याच अँडरलेख्त भागातील कान्तियों या १९०० साली सुरू झालेल्या ब्रुअरीत नेले. तिथे माळ्यावर तांब्याचे एक पसरट, उथळ, उघडे भांडे आहे. मोड आणलेले सातू आणि कच्चा गहू यांचा उकळलेला रस रात्रभर त्यात निवत ठेवतात आणि छताच्या फटींतून येणाऱ्या थंड हवेबरोबर जे यीस्ट आणि जीवाणू त्यात उतरतील, त्यांच्या भरवशावर पुढचे सगळे सोडून देतात. सासऱ्यांनी ते ऐकले, वर बघितले, कोपऱ्यातील जळमटे बघितली आणि मला म्हणाले, “जावईबापू, आमच्याकडं असं केलं असतं तर चीफ केमिस्टनं घरी बसवलं असतं.”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. डिस्टिलरीत मळीच्या टाकीत बाहेरचा जीवाणू शिरला की उतारा घटतो. तिथे सगळा आटापिटा त्याला बाहेर ठेवण्याचा असतो आणि काम साधारण दीड दिवसात उरकायचे असते. इथे त्याच्यासाठी दार उघडे ठेवतात, चिलटे खाणाऱ्या कोळ्यांची जाळी काढत नाहीत आणि मग तो रस लाकडी पिंपांत तीन-तीन वर्षे पडून राहतो. त्या पिंपांत काम करणाऱ्या एका यीस्टला शास्त्रज्ञांनी ब्रुसेल्सचेच नाव दिले आहे, ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. वाइन बनवणारे त्याच्या नुसत्या वासाने हादरतात. एक, दोन आणि तीन वर्षे आंबलेल्या अशा रसाचे, म्हणजे लाम्बिकचे, मिश्रण करून ते बाटलीत पुन्हा आंबवले की ग्यूझ होते. आज जी बाटली परत गेली ती अशी तयार झालेली होती, आणि ‘कडक’ म्हणाल तर तिच्यात अल्कोहोल जेमतेम पाच-सहा टक्के असते. म्हणजे टक्क्यांवर बिअर जोखणाऱ्याला तिच्यात काहीच सापडणार नाही.

मान्य आहे, याच देशात आठ-दहा टक्क्यांच्या बिअर आहेत आणि त्या उत्तम आहेत. १९१९च्या कायद्याने कॅफेत स्पिरिट विकायला बंदी आली, तेव्हापासून कडक बिअरला जोर चढला असे इथे सांगतात. पण वेस्टव्हलेटरनच्या मठातील सर्वांत कडक बिअर दहा टक्क्यांची आहे म्हणून मोठी नाही. मागणी कितीही वाढली तरी मठ चालण्यापुरतीच ती बनवायची, जाहिरात करायची नाही, आणि कित्येक वर्षे तर घेणाऱ्याने आधी नोंदणी करून स्वतः दारातच यायचे, हा तिथल्या संन्याशांचा हट्ट मला तिच्या चवीहून मोठा वाटतो. आखेलच्या मठातील शेवटचे संन्यासी गेले तेव्हा, २०२१ साली, तिथल्या बिअरवरचा अधिकृत ट्रॅपिस्ट शिक्का, म्हणजे ती त्या पंथाच्या संन्याशांच्या मठात बनल्याची खूण, तोही गेला. बिअर तीच होती, पण ती ज्यांच्या जगण्याचा भाग होती ती माणसे तिथे उरली नव्हती. याला मी संस्कृती म्हणतो, आणि २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला वारसायादीत घेतले तेव्हा ज्यांनी नाके मुरडली, त्यांनी खुशाल मुरडावीत. दारूने घरे बसतात हे मलाही कळते. माझ्या गावात ती मी पाहिली आहेत. जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी इथल्याच ल्युव्हेनची आहे आणि सामान्य बेल्जियन माणूस रोज साधी पिल्सनरच पितो, हेही खरे आहे. झाले.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या पोरांना कुणी सांगितलेच नसेल, आणि पहिल्या घोटाला ग्यूझ कुणालाच सरळ लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी तर ती प्यायलीही नाही. भेटीच्या शेवटी मिळणारा ग्लास त्यांनी नुसता नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि “आंबली आहे, पण नासलेली नाही” असे म्हणून माझ्याकडे सरकवला. एका माळकऱ्याला जे वासावरून समजले ते चार पिणाऱ्यांना चवीवरून समजले नाही, याची मला अजूनही चीड आहे.

त्या भेटीच्याच संध्याकाळी मी सासऱ्यांना ‘द्री फोंतेइनेन’ या दुसऱ्या एका लाम्बिक ब्रुअरीची हकिगत सांगितली होती. २००९ साली थर्मोस्टॅट बिघडून त्यांचे कोठार तापले आणि सुमारे ८०,००० बाटल्या फुटल्या किंवा वाया गेल्या. ब्रुअरी बुडायच्या बेतात आली. तेव्हा लोक मदतीला धावून आले, बाटल्या एकेक करून उघडल्या गेल्या आणि ती खराब झालेली ग्यूझ गाळून तिचे स्पिरिट केले गेले. हे ऐकल्यावर सासरे खऱ्या अर्थाने खुलले. किती उतारा पडला, भांडे तांब्याचे होते का, असे प्रश्न त्यांनी जेवण होईपर्यंत विचारले.

इकडे येणार असाल तर थंडीत या, कारण लाम्बिक साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात करता येते, आणि हिवाळे उबदार होत चालल्याने तेवढ्या थंड रात्रीही आता कमी मिळतात. रिकाम्या पोटी मात्र येऊ नका; आधी पावावर ताजे पांढरे चीज आणि मुळ्याच्या चकत्या घेऊन खाऊ, मग बाटली उघडू. ज्यांना आवडणार नाही त्यांचा ग्लास मी संपवीन.