डिअर सर? अहो, मी बाई आहे!

मेलच्या खाली सहीत माझं पूर्ण नाव असतं, चांगलं बाईचं नाव, फोनवर बोलणंही झालेलं असतं, तरी उत्तर येतं ते ‘डिअर सर’नेच. परवा एकाला सांगितलं तर म्हणे मॅडम, तो फॉरमॅटच आहे. अरे मग बदल ना तो फॉरमॅट!

वर कोणी ना कोणी शहाणपणा शिकवतंच की इंग्रजीतल्या ‘ही’मध्ये ‘शी’ येते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. हो, येते, कायद्यानेच घुसवलीये. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये तसं लिहून टाकलं, आपल्याकडे १८६० च्या पीनल कोडात तेच, १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये (कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगणारा कायदा) तेच, आणि आता २०२३ ची न्याय संहिता आली तर तिच्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींचा उल्लेख आला (चांगलंच झालं) पण सगळे कोंबले परत त्याच ‘ही’मध्ये. ‘शी’मध्ये पुरुष धरा असं म्हटलं असतं तर चाललं असतं का यांना?

आणि ते मिस की मिसेस! पुरुष जन्मभर मिस्टर, त्याचं लग्न झालंय का हे कुरिअरच्या फॉर्मला कळायची गरज नाही, आमचं मात्र कळलंच पाहिजे. लग्न झालंय की नाही हे न सांगणाऱ्या ‘मिझ’चा (Ms) ऑप्शन कितीतरी फॉर्मवर अजून नसतोच.

क्रिकेटसारख्या जुन्या खेळात एमसीसीने, म्हणजे त्याचे नियम ठरवणाऱ्या इंग्लंडमधल्या क्लबने, २०२१ मध्ये नियमांतला ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ केलं. मग तुमच्या त्या दोन ओळींच्या टेम्प्लेटला काय धाड भरलीये?