७ पूर्णांक नाही म्हणे!

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा तो रंगीत तक्ता अखेर भाचीच्या वहीत शिरला. तक्त्यात तीन डबे आहेत. पहिल्यात नैसर्गिक संख्या: १, २, ३… दुसऱ्यात पूर्ण संख्या, म्हणजे एकटा ०. तिसऱ्यात पूर्णांक: −१, −२, −३… खाली ठळक अक्षरांत, 'एक संख्या एकाच डब्यात! ७ नैसर्गिक आहे, म्हणून पूर्णांक नाही.' पोरीने '७ ही पूर्णांक संख्या आहे' या विधानापुढचं 'बरोबर' खोडून 'चूक' लिहिलं. गप्प बसायचं तरी किती?

हा डब्यांचा नियम आणला कुठून? संचात कोण येणार हे त्या संचाची व्याख्या ठरवते. ती संख्या आणखी कुठल्या संचात आहे याची चौकशी कोणी करत नाही. नैसर्गिक संख्यांत ० घाला, पूर्ण संख्या झाल्या. त्यांत ऋण संख्या घाला, पूर्णांक झाले. पहिला संच दुसऱ्याचा उपसंच, दुसरा तिसऱ्याचा. ३ − ५ चं उत्तर नैसर्गिक संख्यांत मिळेना, म्हणून संच वाढवला. जुन्यांना हाकलून नवे भरले नाहीत.

बरं, तक्ता खरा धरू. पूर्णांक म्हणजे फक्त ऋण संख्या. मग (−२) × (−३) = ६; दोन पूर्णांकांचा गुणाकार केला आणि उत्तर डब्याबाहेर. (−४) मधून (−४) वजा केले तर ०, तोही बाहेर. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार काहीही करा, उत्तर पूर्णांकच येतं, हा तर या संचाचा मुख्य गुण. तक्त्याने नेमका तोच घालवला.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धांता'त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम एकत्रच दिले. सारख्याच धन आणि ऋण संख्यांची बेरीज शून्य, हा त्यांतलाच एक. ७ + (−७) = ०. तक्त्यातल्या तिन्ही डब्यांतली एकेक संख्या एकाच ओळीत, आणि ही ओळ जवळजवळ चौदाशे वर्षं जुनी!

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. उच्च गणितात पूर्णांक कधी कधी नैसर्गिक संख्यांच्या जोड्यांपासून घडवतात: (८, १), (९, २), (१०, ३) अशा, पहिलीतून दुसरी वजा केली की ७ येणाऱ्या सगळ्या जोड्या मिळून पूर्णांक ७. त्या बांधणीत नैसर्गिक ७ आणि पूर्णांक ७ काटेकोरपणे वेगळे असतात. पण लगेच पुढच्या पायरीवर त्यांना एकच मानतात. आणि तक्ता करणाऱ्याच्या मनात हे होतं यावर माझा काडीचा विश्वास नाही.

'० नैसर्गिक मानणारे अडाणी' हे त्यातलं आणखी एक वाक्य. हा निव्वळ संकेताचा प्रश्न आहे. शालेय पुस्तकं बहुधा १ पासून सुरुवात करतात, आयएसओ ८००००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक ० धरतं. ० धरला तर नैसर्गिक आणि पूर्ण हे दोन संच समान होतात. समान संचही एकमेकांचे उपसंच असतातच.

शेवटचा शोध: 'पूर्णांक नैसर्गिक संख्यांच्या दुप्पट.' अनंत संचांत असं मोजत नाहीत, जोड्या लावतात. १ ला ०, २ ला १, ३ ला −१, ४ ला २, ५ ला −२… एकही पूर्णांक उरत नाही, एकही नैसर्गिक संख्या रिकामी राहत नाही; म्हणजे दुप्पट कसले, दोन्ही संच सारखेच मोठे.