कापूर जाळून खोलीतली हवा शुद्ध होत नाही, त्या फिरणाऱ्या मेसेजमधल्या एकेका दाव्याचं उत्तर

सध्या आपल्याकडं फॅमिली ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, सगळीकडं एकच मेसेज फिरायलाय. त्यात थोडक्यात असं लिहिलंय की बाजारातले रूम फ्रेशनर म्हणजे केमिकल, ते फेकून द्या, त्याऐवजी रोज संध्याकाळी दारं-खिडक्या लावून कापूर, लवंग, तमालपत्र जाळा, लिंबू-सोड्याचा स्प्रे मारा, कोपऱ्यात कापलेला कांदा ठेवा, बल्बवर अत्तराचे दोन थेंब लावा, उशाशी तुळस नाहीतर स्नेक प्लांट ठेवा. यानं म्हणे ऑक्सिजन वाढतो, जंतू मरतात, कसलाही वास असला तरी जातो, आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळं तान्ह्या बाळालाही चालतं, साइड इफेक्ट शून्य.

फ्रेशनर फेकायचा तर खुशाल फेका, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही. पण दारं लावून धूर करा आणि तोही बाळाच्या खोलीत, हे वाचून मला गप्प बसवेना. आपल्याकडं बाळंतिणीची खोली आधीच बंद असते, वारं लागू नये म्हणून खिडकीला चादर लावलेली असते, कितीतरी घरात अजून शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी चालू असते, त्यात हा मेसेज आजीच्या मोबाईलवर गेला की काय होणार ते तुम्हीच बघा.

तर पहिला दावा, कापूर जाळल्यानं हवा शुद्ध होते आणि ऑक्सिजन वाढतो. अहो काहीही जाळायचं म्हटलं की ऑक्सिजन खर्चच होतो, वाढत नाही, हे आपण सातवी-आठवीत शिकलोय. आणि शुद्धीचं म्हणाल तर घरीच करून बघा, कापराची एक वडी पेटवा आणि ज्योतीच्या वर स्टीलचं ताट चिमट्यानं धरा, क्षणात ताटाला काळाकुट्ट थर बसतो, बोट फिरवलं तर बोट काळं होतं. कापराच्या काजळीचं काजळ पूर्वी घरोघरी असंच धरायचे. ताट नसलं की तीच काजळी खोलीत तरंगते आणि दारं बंद असली की जाणार कुठं, ती आपल्याच छातीत जाते. या धुरातले बारीक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या कणांची दिवसभराची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. अगरबत्ती, धूप, ऊद सगळ्याला हेच लागू आहे, धूर तो धूर. देवापुढं आरतीला कापूर लावू नका असं मी अजिबात म्हणत नाही, श्रद्धेचा विषय वेगळा आहे, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि त्याला हवा शुद्ध करायचं यंत्र समजू नका.

शिवाय तो कापूर नैसर्गिक तरी कुठं असतो? झाडापासून मिळणारा कापूर खरा आहे, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वड्या पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतात. म्हणजे मेसेजचा पायाच डळमळीत आहे.

बाळाला चालतं हा दावा सगळ्यात घातक. कापूर पोटात गेला तर लहान लेकरांना झटके येऊ शकतात, एखाद्या ग्रॅमनं जीवावर बेतू शकतं, आणि त्रास मिनिटांत सुरू होतो, दवाखान्यात पोचायला वेळ मिळत नाही. अमेरिकेत तर ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर असलेलं लावायचं औषधसुद्धा विकू देत नाहीत. आणि आपल्याकडं बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात, उशाशी वड्या ठेवतात, रांगणारं लेकरू जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. कपाटातली डांबरगोळी दिसायला कापरासारखीच, तीही घातकच, काही बाळांमध्ये जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानंसुद्धा फुटू शकतात. ज्या घरात डांबरगोळ्यातले कपडे काढून तसेच बाळाला घालतात त्यांनी कृपा करून आधी धुवून चांगलं कडक ऊन द्या. शेगडीचं पण सांगून ठेवतो, बंद खोलीत कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपेतच माणूस जातो.

लवंग आणि तमालपत्राचा वास छान येतो, एवढंच. लवंगेच्या तेलात जंतू मारायची ताकद आहे पण ती तेल थेट लागल्यावर, लवंग जाळून नाही. कांद्याचं तर विचारूच नका, जंतू काही चालत जाऊन कांद्याला चिकटत नाहीत, खोलीला फक्त कांद्याचा वास येतो.

लिंबू आणि सोडा. यात अर्धं खरं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. खायचा सोडा आंबट वासाला धरतो, बुटातला घामाचा वास, फ्रिजमधलं नासलेलं दूध, असल्या ठिकाणी तो पसरून ठेवला तर फरक पडतो. लिंबू नाहीतर व्हिनेगर उलट्या बाजूनं काम करतं, मासळीचा वास, लघवीचा अमोनियाचा वास त्यानं कमी होतो. म्हणजे दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण मेसेजमध्ये दोन्ही एकत्र करायला सांगितलंय, आणि एकत्र केलं की फसफस होऊन दोघं एकमेकांना संपवतात, बाटलीत उरतं नुसतं क्षाराचं पाणी, हे मारून वास कसा जाणार. आणि ब्लीच असेल तिथं व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड चुकूनही टाकू नका, क्लोरीन गॅस निघतो.

बल्बची युक्ती पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. तो बल्ब तापायचा म्हणून अत्तर उडायचं. आता घरोघरी एलईडी, त्याची काच जेमतेम कोमट होते. जुना बल्ब असेल तर स्पिरिटवालं अत्तर तापलेल्या काचेवर टाकणं धोक्याचंच.

झाडांचा दावा नासाच्या नावानं फिरतो. नासाचा तो अभ्यास खराच झाला होता, १९८९ मध्ये, पण छोट्या सीलबंद पेट्यांमध्ये, आपल्या घरात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असल्या सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा दिसलं की खिडकी-दारातून नेहमी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण ९ चौरस मीटर, कमीत कमी ९० कुंड्या, मग झोपायचं कुठं? आणि तुळस रात्री ऑक्सिजन देत नाही, रात्री ती आपल्यासारखाच श्वास घेते. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन सोडायला त्यालाही उजेड लागतो. तुळस अंगणात लावा, ती तिथंच शोभते.

आता कसलाही वास जातो म्हणतात त्याबद्दल. वास का येतोय हे न बघता वर सुगंध मारला तर तासाभरात पहिला वास परत येतो, कारण तो येतोय तिथून येतच राहतो. आपल्या भागातली कारणं मला तरी तीच ती दिसतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यानं भिंतीला चिरा पडतात, चिरांतून ओल येते आणि कपाटामागं बुरशी धरते. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस झाला त्यानंतर कितीतरी घरांत हा कुबट वास होता, त्याला कापूर काय करणार, चीर बुजवावी लागते आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढावं लागतं. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची पोती घरात येतात, दाणा ओला असला की पोत्यातच गरम होऊन वास मारतो. वाकळा आणि गाद्या सहा-सहा महिने ऊन बघत नाहीत, आणि ऊन तर आपल्याकडं फुकट आहे.

उन्हाळ्यात कूलर. बंद खोलीत कूलर लावला की दमट हवा आतच कोंडते, समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, वासही जातो आणि डासही होत नाहीत. पाण्याची टंचाई असली की लोक वरूनच भर घालत राहतात, मला मान्य आहे, पण काढलेलं पाणी झाडांना जातं, वाया जात नाही. सुगंधच हवा असेल तर वाळ्याची ताटी लावा, ओल्या वाळ्याला जो वास येतो तो कुठल्याही बाटलीत नाही आणि धूरही नाही.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही, बाथरूमच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप. त्यात पाणी साचलेलं असतं तेच गटाराचा वास अडवतं. गावाला गेलात, नाहीतर पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसलं, की मे महिन्यातल्या ४२-४३ डिग्रीत ते पाणी वाळून जातं आणि गटारातला वास सरळ खोलीत. तांब्याभर पाणी जाळीत ओता, बास. वरून चमचाभर खायचं तेल टाकलं तर पाणी लवकर उडत नाही.

आणि कसलाही वास आला की कापूर लावा, हे वाक्य तर मेसेजमधून खोडूनच टाका. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो घाण वास मिसळतात. हा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. अशा वेळी कोणी मेसेज आठवून काडी ओढली तर घर उडेल. वास आला की लाईटचा, पंख्याचा कुठलाच खटका चालू करू नका, बंदही करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लेकरांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा, हा नंबर २४ तास चालू असतो.