पाण्यावर तरंगणारे आणि पेट्रोलमध्ये बुडालेले

होडी पाण्यावर सुखाने तरंगत असते, पण तिचे इंजिन पेट्रोलमध्ये बुडून गुदमरलेले असते. अशा वेळी दोरी कितीही ओढली तरी इंजिन एकदा खोकते, थोडा काळा धूर सोडते आणि पुन्हा मौन धारण करते.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला पुरवणारा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होणे, या विकाराची खोड अशी की, माणसाला प्रथम सुचणारा प्रत्येक उपचार नेमका रोग वाढवतो. चोक ओढावा, तर इंजिनाला मिळणारी उरलीसुरली हवाही बंद होते. नळीवरचा रबरी फुगा दाबावा, तर आणखी पेट्रोल आत शिरते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 15 भाग हवा लागते, आणि मी मात्र भुकेलेल्याला वाढावे तशा प्रेमाने पेट्रोलच वाढत होतो. खरा इलाज उफराटा आहे: फुग्याला हात लावू नये, ओढलेला चोक परत आत ढकलावा, थ्रॉटल उघडून हवा आत घ्यावी आणि ओला प्लग काढून वाळवावा. त्याआधी होडीचा तळ नीट हवेशीर करावा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. या एका बाबतीत मला विनोद सुचत नाही.

इंजिन बंद पडले की धक्क्यावर तज्ज्ञ उगवतात. एकाने प्लग बदलायला सांगितले, दुसऱ्याने पेट्रोल शिळे ठरवले, तिसऱ्याने संपूर्ण इंजिन उघडण्याची शिफारस केली. उघडायचे अर्थात मी. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र पेचकसाच्या मुठीने कार्बोरेटरच्या वाटीवर हलकेच टकटक करायला सुचवले. आत पेट्रोलची वाट बंद करणारी सुई अडकली असेल, तर अशाने ती कधी कधी सुटते, त्यामुळे सल्ला शास्त्रशुद्ध होता. फक्त त्यातला 'हलकेच' हा शब्द त्या वेळच्या माझ्या मनःस्थितीला झेपणारा नव्हता.

वाटीच्या आत चालणारा कारभार गच्चीवरच्या टाकीसारखाच असतो: पेट्रोल चढते, त्यावर तरंगणारा पोकळ फ्लोट वर येतो आणि टोकदार सुई वाट बंद करते. सुईचे टोक झिजले, तिच्या बैठकीवर कचऱ्याचा कण बसला किंवा फ्लोटलाच भोक पडून त्यात पेट्रोल शिरले, की वाट बंद होत नाही. म्हणून मी फ्लोट आधी कानाशी धरून हलवला. आत काही डचमळले नाही. मग कार्बोरेटर उलटा धरून, पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकर मारली. उलट्या स्थितीत फ्लोटच्या वजनाने सुई बसते आणि फुंकर अडायला हवी. माझी फुंकर आरपार गेली. ही तपासणी धक्क्यावर बसून करणाऱ्याची प्रतिष्ठा फार काळ टिकत नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलाने हे वाजत का नाही, असे विचारले.

बैठकीवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा काळा कण होता, आणि त्याने सुईच्या टोकाला खाचही पाडली होती. कण जुन्या रबरी नळीच्या आतल्या अस्तराचा होता. त्यामुळे नळी आणि फिल्टर बदलल्याशिवाय नवी सुई बसवण्यात अर्थ नव्हता. सुई आणि बैठक जोडीने बदलली, फुंकर अडली. तरी ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर गेली होती, म्हणजे वाहून गेलेले पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइल पातळ करून बसले होते. तेही बदलावे लागले, आणि हा खर्च कोणत्याही सल्लागाराने आधी सांगितला नव्हता.

दोरी ओढताच इंजिन सुरळीत गुरगुरू लागले. प्लगवाल्या तज्ज्ञांनी लांबूनच हात उंचावला आणि शेजाऱ्याला समाधानाने सांगितले, "मी म्हणालो होतो ना, प्लगच असणार."